रक्त न सांडलेला साक्षी



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. मिस्साच्या वेळी आपण नावे वाचतो, कबरींवर मेणबत्त्या लावतो. नावापुढे मृत्यूचे कारण कुणी लिहीत नाही. समाज मात्र कारण विचारतो. पोलीस गोळी लागून गेला तर शहीद, बंदुकांची सलामी, वर्तमानपत्रात फोटो. तोच पोलीस आजाराने गेला तर ‘बिचारा’. आपल्या युवकांच्या बैठकीत एकाने हा प्रश्न सरळच विचारला : “फादर, ड्युटीवर करोना होऊन जे पोलीस गेले त्यांना शहीद कसे म्हणायचे? आजार तर कुणालाही होतो.”

प्रश्न रास्त आहे. त्याला भावनेच्या भरात ‘हो’ म्हणून उपयोग नाही. त्यासाठी न्यूयॉर्कच्या एका पोलिसाची हकिकत सांगतो, कारण तिथे हाच प्रश्न कितीतरी वर्षे दवाखान्यांतून आणि कायदेमंडळातून फिरत राहिला.

त्यांचे नाव लुईस अल्वारेझ. (आपल्याकडच्या अल्वारिस मंडळींनी कान टवकारले असतील. आडनाव मुळात एकच, त्यांचे स्पॅनिश वळणाचे, आपले पोर्तुगीज.) जन्म क्युबातल्या हवाना शहरात, बालपण न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया वस्तीत. आधी मरीन सैनिक, १९९० पासून पोलीस. अमली पदार्थविरोधी कामात आणि पुढे बॉम्ब पथकात त्यांनी डिटेक्टिव्ह म्हणून नोकरी केली. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे कोसळले आणि हे त्या ढिगाऱ्यावर गेले. एक दिवस नव्हे, सुमारे तीन महिने जात राहिले. बादल्यांनी मलबा उपसायचा आणि हातोहात पुढे द्यायचा. जिवंत कुणी सापडेल ही आशा लवकरच संपली होती. निदान काही अवशेष मिळावेत, म्हणजे घरच्यांना मूठमाती देता येईल, एवढ्यासाठी ते काम चालले होते. खाली आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती. हवेत काँक्रीटची भुकटी, काचेचे तंतू, ॲस्बेस्टॉस.

२०१० मध्ये ते निवृत्त झाले. २०१६ मध्ये आतड्याचा कर्करोग निघाला. २९ जून २०१९ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, ते वारले.

आता ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या तराजूत घालून पाहू. सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र होते. त्याच्या तिसऱ्या भागात तो विचारतो की, धैर्य नेमके कोणत्या मृत्यूसमोर दिसते. समुद्रात बुडताना? आजारात? त्याचे उत्तर असे की, खऱ्या अर्थाने ते रणांगणावरच दिसते. तिथला मृत्यू सर्वांत उदात्त, आणि तिथे माणसाला पराक्रम करता येतो. धीराचा माणूस आजारातही डगमगत नाही हे तो मान्य करतो, पण मान देतो तो युद्धाला. आपल्या युवकाने ॲरिस्टॉटल वाचलेला नसेल, पण तो बोलला त्याचीच भाषा. आपण सगळेच ती बोलतो. दर वर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळला जातो, तोही १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात पडलेल्या दहा जवानांच्या आठवणीने. आपली स्मरणाची रीतच गोळीपासून सुरू होते. ‘रक्तसाक्षी’ हा आपल्या ख्रिस्तसभेतला शब्द पाहा. त्यातही रक्त आहेच.

संत थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलचे बोट धरून चालतात, पण या वळणावर ते त्याच्या पुढे जातात. रणांगण या शब्दाचा अर्थ ते रुंद करतात. जिवाच्या धमकीला न भिता योग्य निवाडा देणारा न्यायाधीशही लढतोच आहे. आणि मग ते जे उदाहरण देतात, ते करोनाचे दिवस पाहिलेल्या आपल्यासाठीच लिहिले असावे असे वाटते : जीवघेण्या संसर्गाच्या भीतीनेही आजारी मित्राची सेवा न टाळणारा माणूस. त्याचे मरण कसलेही असो, ते सद्गुणापायी ओढवलेले आहे.

याहून महत्त्वाची त्यांची दुसरी गोष्ट. धैर्याचे मुख्य काम हल्ला करणे नव्हे, टिकून राहणे आहे, असे ते सांगतात. त्यांच्या कारणांपैकी एक मला फार पटते. हल्ला क्षणात होतो, टिकून राहायला वेळ लागतो. गोळी झेलणाऱ्याचे धैर्य मी तसूभरही कमी लेखत नाही. पण तीन महिने रोज त्याच धुळीत परत जाणे, आणि पंधरा वर्षांनी त्याच शरीरात केमोथेरपीच्या डझनावारी फेऱ्या सोसणे, याला आपल्याकडे शब्दच नाही. म्हणून आपण ‘बिचारा’ म्हणतो.

इथे एक अडचण आहे, आणि ती मी लपवणार नाही. त्या माणसांना धोका ठाऊक होता का? १८ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या प्रमुखांनी तिथली हवा श्वासास सुरक्षित असल्याचे जाहीर केले होते. मग न कळत गेलेल्या जिवाला ‘दिलेला जीव’ कसे म्हणायचे? तो तर हिरावून घेतलेला जीव. मला वाटते, त्यात दोन्ही आहे. ज्यांनी खोटा भरवसा दिला त्यांचा हिशेब वेगळा. पण देणारा माणूस काय देतो, हे आपल्याला लग्नाच्या वचनावरून समजते. वेदीपुढे उभ्या राहिलेल्या नवरा-नवरीला पुढे पक्षाघात येणार की दारिद्र्य, हे कुठे ठाऊक असते? वचन अज्ञाताला दिलेले असते, आणि म्हणूनच ते वचन असते. पंचवीस वर्षे अंथरुणाला खिळलेल्या बायकोला भरवणाऱ्या नवऱ्याला आपण म्हणत नाही की, तुला आधी माहीत नव्हते, तेव्हा यात तुझे काही श्रेय नाही. पोलीस गणवेश चढवतो तेव्हा त्यानेही कोरा कागद सही करून दिलेला असतो.

पोलीस म्हटले की पहिल्यांदा पावती आणि चिरीमिरी आठवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच सांगतो की, मी गणवेशाला संतपद देत नाही. काम नीट करणाऱ्या माणसाविषयी बोलतो आहे.

खरा पेच मात्र धैर्याचा नाहीच, पुराव्याचा आहे. गोळी शरीरातून काढून दाखवता येते. कर्करोगावर तारीख आणि पत्ता लिहिलेला नसतो. न्यूयॉर्कचेच दुसरे डिटेक्टिव्ह जेम्स झाड्रोगा जानेवारी २००६ मध्ये, ३४व्या वर्षी वारले. न्यू जर्सीच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून मृत्यूचा संबंध थेट त्या धुळीशी जोडला. २००७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मुख्य वैद्यकीय तपासनिसांनी तो संबंध नाकारला. फुप्फुसे तीच, निष्कर्ष दोन. अशा वेळी संशयाचे ओझे कुणी वाहायचे? विधवेने आणि म्हाताऱ्या बापाने, की ज्यांनी त्या माणसाला कामावर पाठवले त्यांनी?

न्यूयॉर्क राज्याने २००५ मध्ये कायदाच बदलला. माणूस तिथे कामावर होता, आणि हा आजार तशा कामातून होऊ शकतो, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो कामामुळेच झाला असे धरावे. काहींना हे सैल वाटेल. यातून एखादा अपात्र माणूसही पैसे घेऊन जाईल, हे मला मान्य आहे. पण चूक व्हायचीच असेल तर ती कोणत्या बाजूला व्हावी, हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि माझे मत स्पष्ट आहे : पाठवणाऱ्याच्या खिशाकडे व्हावी, मरणाऱ्याच्या घराकडे नव्हे. त्या दिवशी न्यूयॉर्क शहराचे २३ पोलीस मेले. नंतर त्या आजारांनी गेलेल्या पोलिसांची संख्या २००च्या पुढे गेली आहे.

आपल्याकडेही २०२० मध्ये हेच घडले. एप्रिलच्या अखेरीस मुंबईत तीन पोलिसांच्या मृत्यूनंतर ५५ वर्षांवरील पोलिसांना घरी थांबण्यास सांगितले गेले. म्हणजे काम आणि मरण यांचा संबंध वरिष्ठांनी तेव्हाच ओळखला होता. राज्य सरकारने करोना ड्युटीवर मेलेल्यांच्या कुटुंबांना ५० लाख रुपये देण्याचे ठरवले, हे चांगलेच झाले. नाकाबंदीवर झाला की चाळीतल्या नळावर झाला, असे त्या विषाणूला विचारता येत नाही. आपण सारे दारे लावून बसलो होतो तेव्हा हा माणूस चौकात उभा होता, एवढे मात्र सगळ्या शहराने डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात साथ आली, तेव्हा रोग्यांची सेवा करता करता कितीतरी ख्रिस्ती माणसे मेली. त्यांचे मरण रक्तसाक्ष्यांच्या मरणाहून कमी नाही, असे तिथले बिशप दिओनिसियस यांनी लिहून ठेवले. २८ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा त्यांचे स्मरण करते. तलवारीचा वार त्यांतल्या कुणालाच झाला नव्हता.

अल्वारेझ यांच्याकडे पुन्हा वळतो, कारण त्यांचे शेवटचे काम राहिले. २०१९ च्या फेब्रुवारीत भरपाई निधी आटत चालल्यामुळे प्रलंबित दाव्यांची रक्कम निम्म्याने आणि पुढच्या दाव्यांची सत्तर टक्क्यांनी कापली जाईल असे जाहीर झाले. ११ जूनला ते वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे बसले. दुसऱ्या दिवशी केमोथेरपीची ६९वी फेरी ठरलेली होती. समोरच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. आपण कुणी खास नाही, बाकीच्यांनी केले तेच केले, असे ते म्हणत आणि मागत होते ते मागे राहिलेल्या सोबत्यांसाठी. या वेळी त्यांना सगळे ठाऊक होते. अठरा दिवसांनी ते गेले. ३ जुलैला ॲस्टोरियातल्या निष्कलंक मातेच्या चर्चमध्ये त्यांची अंत्यविधीची मिस्सा झाली.

२३ जुलैला सिनेटमध्ये ९७ विरुद्ध २ मतांनी निधी कायम ठेवण्याचा कायदा संमत झाला आणि मृत्यूनंतर बरोबर एका महिन्याने, २९ जुलै २०१९ रोजी, त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कायद्याच्या नावात झाड्रोगा आणि अल्वारेझ ही दोन्ही नावे आहेत. दावे २०९० सालापर्यंत करता येतील. त्या सप्टेंबरात मॅनहॅटनमध्ये जन्मलेले मूल तेव्हा ८९ वर्षांचे असेल.