पुराच्या खुणेखालचा फोटो

गेल्या डिसेंबरात लेक आणि जावई मला डॅन्यूबवरच्या बोटीच्या सफरीला घेऊन गेले. वाटेत पासाउ लागलं. जर्मनीतलं जुनं गाव, डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरचं. बोट चार तास थांबणार होती. कॅथीड्रलसमोर नाताळचा बाजार भरला होता, मसाले घातलेल्या गरम वाइनचा वास सुटला होता. नदीकाठच्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, त्यांच्यापुढे सालं. सगळ्यात वरची १५०१ची, तिच्या खालोखाल २०१३ची. दोन्ही माझ्या डोक्याच्या कितीतरी वर.

"आई, हात वर कर, म्हणजे उंची कळेल," लेक म्हणाली. मी हसून हात वर केला. पावाची पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईने आमच्याकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. रागाने नव्हे, पण ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं. लातुरात मी स्वतः तसं पाहिलेलं आहे.

२०१६ साली. मांजरा धरण आटलेलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी कलम १४४ लागलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत कॅमेरे घेऊन पुष्कळ लोक येत. आमच्या गल्लीत टँकरची वाट पाहत असताना एकाने मला रिकामी घागर डोक्यावर घ्यायला सांगितलं. रिकामी घागर कशाला कोण डोक्यावर घेईल? ती हातात असते, नाहीतर कमरेवर. मी घेतली नाही. पुढे कितीतरी दिवस तो माणूस मला आठवला की संताप यायचा.

त्याचं चुकलं असेल, तर माझं का नाही? तो हाल बघायला आला होता आणि मी सौंदर्य, हे उत्तर मला पुरत नाही. मी हात लावत होते ती भिंत कुणाच्या तरी बुडालेल्या घराशेजारची होती. बघूच नये म्हणावं, तर तेही खरं नाही. मराठवाड्याची जुनी तक्रारच आहे की आमच्याकडे कुणी बघत नाही. ते कॅमेरे नसते तर रेल्वे एवढ्या लवकर आली असती का, कुणास ठाऊक.

माझं माहेर नांदेडचं. तिथे देशभरातून शीख भाविक येतात. १७०८ साली गुरू गोविंदसिंग तिथेच गेले. गुरुद्वाऱ्यात रोज गोदावरीचं पाणी घागरीतून नेतात, लहानपणापासून हे ऐकत आणि बघत आले. भाविकाला नदी लागते ती काहीतरी करण्यासाठी, फोटोपुरती नाही, म्हणून त्याचं बघणं आपल्यापेक्षा बरं, असं मी बरीच वर्षं मानत होते. पण उन्हाळ्यात घाटावर उभं राहिलं की शहराचं सांडपाणी नदीत मिसळताना दिसतं, आणि तिथेच लोक डोळे मिटून हात जोडतात. श्रद्धेलाही न दिसणारं असतं. आणि ते सांडपाणी आम्हा नांदेडकरांचंच, पाहुण्यांचं नव्हे.

लातुरातला तो माणूस मला वाईट वाटला तो बघत होता म्हणून नाही. त्याने काही विचारलंच नाही. शेवटचं पाणी कधी आलं, घरात माणसं किती, काहीही. त्याला हवं ते चित्र तो घरूनच घेऊन आला होता.

एवढं सुचेपर्यंत दोन तास गेले होते. आमच्या गाइडबाई पासाउच्याच. त्यांना लेकीमार्फत विचारलं, २०१३ला तुम्ही कुठे होतात? त्या थांबल्या. मग पाण्याबद्दल कमी आणि चिखलाबद्दल जास्त बोलल्या. विद्यापीठाची पोरं फावडी घेऊन घरोघर आली, अनोळखी लोकांच्या तळघरातला गाळ उपसत राहिली, असं सांगत होत्या. बाकीची मंडळी बाजारात जायला उतावीळ झाली होती, त्यामुळे गोष्ट अर्ध्यावरच राहिली.

संध्याकाळी बोट सुटली. दिव्यांतलं गाव फार सुंदर दिसत होतं; मी फोटो काढले, खोटं कशाला बोलू. हात वर केलेला माझा फोटो लेकीने तोवर घरच्या ग्रुपवर टाकलाही होता. लातूरहून दिरांचं उत्तर आलं : "वहिनी, तिकडं पाणी लईच दिसतंय. नळाला रोज येतं का, ते विचारा."