आजचे चिंतन : निरोप आणि दार

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचा श्लोक गीतेच्या १५व्या अध्यायातला १४वा. भगवंत सांगतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन अन्न पचवणारा मीच. आपण पोटापाशीच थांबतो. पण पचलेलं अन्न पुढे पेशीपर्यंत पोचायला हवं ना?

जेवल्यावर रक्तातली साखर वाढते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी ते ओळखून इन्शुलिन सोडतात. हा एक रासायनिक निरोपच. तो रक्तातून सगळीकडे फिरतो, पण ज्या पेशीवर त्याला धरणारा ग्राही असतो, तिलाच तो कळतो. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी तो मिळताच साखरेसाठी दारं उघडतात.

टाइप २ मधुमेहात सुरुवातीला इन्शुलिन भरपूर असतं, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. साखर दाराशी ताटकळत राहते.

मंडळी, हा आजार म्हणजे कुणाच्या पापाचं फळ नव्हे. तसं कुणाला म्हणू नका, आणि नामाच्या भरवशावर औषधही सोडू नका. १९२१ साली टोरांटोत इन्शुलिन हाती लागलं, तीही त्याचीच कृपा.

मी यातून माझ्यापुरतं एवढंच घेतो : निरोप येतच असतो, प्रश्न दाराचा आहे. हातात जपमाळ असताना आतल्या खोलीतून म्हाताऱ्या माणसाची हाक आली, तर ती मला अडथळा वाटते की त्याचाच निरोप?

आज एका तरी हाकेला पहिल्याच वेळी ओ देऊ या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥