डाग आणि नोंद

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात जे घडले, त्याचा न्याय पुढे दोन साध्या गोष्टींवर येऊन अडला. एक, जन्माच्या नोंदीची नक्कल. दुसरी, एका शिपायाच्या पायजम्यावरचा डाग. हा खटला देशाला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून माहीत आहे. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने सापडतो. संमती, पोलिसांची दहशत, स्त्रीचे चारित्र्य या अंगांनी त्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहिले जायलाच हवे होते. भौतिक पुराव्याच्या अंगाने मात्र तो फारसा वाचला जात नाही. चामोर्शी काय, वडसा म्हणजे देसाईगंज काय, तेव्हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला १९८२ मध्ये. त्यामुळे हा आपल्याच भागातला खटला आहे, आणि प्रयोगशाळेतले विज्ञान आपल्याकडे नेमके कुठे अडते हे त्यातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

आधी नोंदीविषयी. मुलगी आदिवासी, आईवडील नसलेली, मजुरी करणारी. तिच्या भावाच्या तक्रारीवरून तिच्यासह संबंधित सगळ्यांना ठाण्यात बोलावले होते. जबाब झाले. रात्री साडेदहाच्या सुमारास तपास करणाऱ्या हवालदाराने सर्वांना जायला सांगितले आणि भावाला बजावले की बहिणीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल घेऊन ये. हवालदार घरी गेला. बाकीचे बाहेर पडले, मुलीला आत थांबवून घेतले गेले. त्यानंतर ठाण्यातल्या दोन पोलिसांनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केला, असे तिने सांगितले.

ही नक्कल तक्रारीच्या सोयीसाठी मागितली होती. पण पुढच्या खटल्यात तिचे मोल सर्वात जास्त होते. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेत संमतीचे वय सोळा होते. मुलगी सोळाच्या आतली ठरली असती तर संमतीचा प्रश्नच उरला नसता; सहा वर्षे चाललेला सगळा वाद तिथेच मिटला असता. डॉक्टरांनी वय चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगितले. हा अंदाज होता, आणि अंदाजाची वरची कड नेमकी कायद्याच्या रेषेवर पडत होती. ती सोळाच्या आतली असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे सत्र न्यायालयाने ठरवले. एक विश्वासार्ह नोंद नव्हती म्हणून सगळा भार संमतीवर गेला, आणि संमतीचा शोध कपड्यांवर व शरीरावर घेतला जाऊ लागला.

आता डाग. मुलीची वैद्यकीय तपासणी झाली २७ मार्चच्या रात्री आठच्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर जवळपास वीस तासांनी. अंगावर जखम नव्हती. केसांचे नमुने आणि दोन काचपट्ट्या रासायनिक विश्लेषकाकडे गेल्या. त्यांत वीर्याचा अंश मिळाला नाही. मुलीच्या कपड्यांवर आणि आरोपी शिपायाच्या अंगावरून उतरवलेल्या पायजम्यावर तो मिळाला. अहवाल एवढाच.

हा एकच अहवाल तीन न्यायालयांनी वाचला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी आरोपींना सोडले. डागांची कारणे दुसरी असू शकतात, मुलीचे आधीच कुणाशी संबंध होते, असे म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी शिक्षा दिली. वीस तास गेले होते, मधल्या वेळात अंघोळ झाली असणार, म्हणून काचपट्ट्या कोऱ्या निघाल्या, आणि भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या न्यायालयाचा विचार. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर ओरखडा नाही, म्हणजे प्रतिकार नाही, असे तिथले अनुमान.

कागद तोच, रसायन तेच, निष्कर्ष एकमेकांविरुद्ध. माझ्या मते उच्च न्यायालयाचे वाचन शास्त्राला धरून होते, कारण त्याने खूण नसण्याचे कारण शोधले. इतर दोन्ही न्यायालयांनी खूण नसण्यालाच पुरावा मानले. पोलीस ठाण्यात, रात्री, गणवेशातल्या माणसापुढे एखादी मुलगी हातपाय झाडणार नाही, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि शास्त्राच्या नावावर काय काय आत शिरते तेही पाहा. मुलीच्या जुन्या शरीरसंबंधांविषयीचा, दोन बोटांच्या चाचणीचा शेरा वैद्यकीय निष्कर्ष म्हणून नोंदला गेला होता. ही चाचणी पीडितेच्या प्रतिष्ठेला धक्का देणारी आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले, आणि तिला शास्त्रीय आधार नाही हे २०२२ मध्ये पुन्हा बजावले. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षे ती ‘विज्ञान’ म्हणून चालली.

या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आंदोलने झाली, १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हा आली. कायद्याने पुराव्याच्या वाचनाची दिशाच बदलली. प्रयोगशाळेत मात्र त्या वेळी काहीच बदलले नव्हते. डीएनए ओळखीची पद्धत त्यानंतर एका वर्षाने, १९८४ मध्ये, इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांना सापडली.

आज डीएनए आहे, म्हणून प्रश्न सुटला असे मानण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्याची तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. झडती-जप्तीचे चित्रीकरणही सांगितले आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पावसाळ्यात दोन दिवस मुद्देमाल खोलीत पडला, तर नागपूरच्या प्रयोगशाळेतले यंत्र कितीही महागडे असो, त्याच्या हाती कुजलेले कापड येते. ओला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. हे काम तज्ज्ञाचे नाही, ठाण्यातल्या शिपायाचे आहे. आणि यंत्राच्या पलीकडेही माणूसच बसलेला असतो. अमेरिकेत एफबीआयने २०१५ मध्ये आपल्याच केस-तपासनिसांच्या जुन्या साक्षी चाळल्या, तेव्हा आरोपीविरुद्ध गेलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये विज्ञानाला झेपते त्यापेक्षा जास्त ठामपणे साक्ष दिलेली आढळली.

कागदपत्रांचे दुखणे आपल्याकडे याहून खोल आहे, आणि ते फौजदारी खटल्यापुरते नाही. अनुसूचित जमातीच्या दाव्यात राज्यघटनेच्या आधीच्या कागदाला सर्वात जास्त वजन. चालीरीतींवरून जमात ओळखण्याची चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे आजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेल्या कोतवाल पंजीतली एक ओळ, यांवर पोराची नोकरी आणि पोरीचा वैद्यकीय प्रवेश टांगलेला असतो. गडचिरोलीच्या जमात-प्रमाणपत्र तपासणी समितीपुढे असा कागद आला की दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहते. शाई निराळी आहे का, अक्षर बदलले आहे का, खाडाखोड आहे का.

खोट्या नोंदी होतात. खऱ्या आदिवासीच्या तोंडचा घास त्यांच्यामुळे जातो. त्या पकडल्याच पाहिजेत, यात मला तडजोड मान्य नाही. पण तपासणाऱ्याला कागदाचा इतिहासही माहीत हवा. समजा १९३८ च्या नोंदीत बॉलपेनची शाई निघाली. बॉलपेन आपल्याकडे सर्रास आले स्वातंत्र्यानंतर. तेव्हा ती ओळ नंतर लिहिली गेली हे पक्के. पण कुणी लिहिली आणि का? वाळवी लागलेले, पावसाने भिजलेले रजिस्टर एखाद्या गुरुजींनी नव्या वहीत प्रामाणिकपणे उतरवून काढले असेल, तर शाईचा निष्कर्ष खरा आणि बनावटीचा आरोप खोटा, असे होऊ शकते. ते ठरवायला त्याच वहीतल्या आधीच्या-नंतरच्या नोंदी, त्याच गुरुजींचे त्याच काळातले दुसरे अक्षर, कोतवालाची समांतर नोंद, एवढे सगळे शेजारी मांडावे लागते. एकट्या वादग्रस्त ओळीचे छायाचित्र पाठवून दिलेले मत मत राहते, पुरावा होत नाही. केवळ हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मतावर शिक्षा देणे धोक्याचे आहे, हे सर्वोच्च न्यायालय १९५० च्या दशकापासून सांगत आले आहे. फ्रान्समध्ये १८९४ मध्ये बर्तियोंसारख्या नामवंत पोलीस तज्ज्ञाने अक्षर चुकीचे ओळखले आणि निरपराध कॅप्टन द्रेफ्यूस कैदी म्हणून सैतान बेटावर गेला.

आणि पंच. पुराव्याची सुरुवात पंचनाम्यापासून होते. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून प्रा. जी. एन. साईबाबा यांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी जन्मठेप दिली. ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने त्यांच्यासह सर्व आरोपींना निर्दोष ठरवले, तेव्हा दिल्लीतल्या घरझडतीची जप्ती सिद्ध झाली नाही, हा त्या निकालातला मोठा मुद्दा होता. सुशिक्षितांच्या वस्तीत झडती, आणि पंच मात्र निरक्षर. संगणकाच्या तबकडीत काय होते हा प्रश्न नंतरचा. ती तबकडी तिथूनच उचलली हे खात्रीने सांगणारा पंचच उभा राहिला नाही. त्या निकालाविषयी कुणाचे राजकीय मत काहीही असो, एवढी गोष्ट मान्य करावी लागेल.

पुराव्याला इतके पारखून घेतले तर गुन्हेगार सुटतील, असे पोलीस अधिकारी म्हणतात. अनुभव उलटा आहे. देसाईगंजला तपासणी वीस तासांऐवजी दोन तासांत झाली असती आणि जन्माची नोंद कोतवाल पंजीतून सकाळी काढून आणली असती, तर आरोपींना सुटायला वाट राहिली नसती. ढिलेपणाचा फायदा आजवर आरोपीच्या आणि सत्तेच्या बाजूनेच जास्त गेला आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. चामोर्शी, घोट, आष्टी अशा प्रत्येक ठिकाणच्या ठाण्यात नमुने वाळवायला आणि कुलपात ठेवायला स्वच्छ जागा असावी. जुन्या कोतवाल पंज्या आणि शाळांची रजिस्टरे आहेत त्या अवस्थेत, पानापानाची रंगीत प्रतिमा काढून जतन करावीत, म्हणजे उद्या कुणी खाडाखोड केली तर ती दिसेल. पंचनामा गोंडी, माडिया, बंगाली, तेलुगू बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये. आणि तालुक्यातल्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, दुकानदारांना, वकिलांना एक विनंती आहे. पोलीस पंच म्हणून बोलावतात तेव्हा कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून आपण मागच्या दाराने निघून जातो. जाऊ नका. थांबा, वस्तू डोळ्यांनी पाहा, लाखेचे सील आपल्यासमोर लागू द्या, पंचनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि जे पाहिले नाही त्याखाली सही करू नका.