नाव आणि उद्देश नसलेले दान

धर्मादाय संस्थेकडे येणाऱ्या दानासोबत दोन गोष्टी याव्यात अशी अपेक्षा असते: देणाऱ्याचे नाव आणि देण्याचा उद्देश. दानपेटीत पडलेल्या नोटांना बहुधा दोन्ही नसतात. बँकेत थेट जमा झालेल्या रकमेला कधी यांतले एक नसते, कधी दोन्ही. हिशेबनीस अशी रक्कम तूर्त उचंत खात्यात टाकून वेळ निभावतो. पण या पैशावर आता कोणाची इच्छा चालावी, हा धर्मविचाराचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. नाव नसणे आणि उद्देश नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या धरल्या, तरच उत्तराकडे जाता येते.

नाव आणि उद्देश दोन्ही स्पष्ट असलेल्या दानाचा जुना नमुना नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३,००० कार्षापण नाणी कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २,००० वर दरमहा एक टक्का व्याज ठरले. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंची वस्त्रे व्हायची. उरलेल्या १,००० वरील पाऊण टक्का व्याज त्यांच्या इतर किरकोळ गरजांसाठी होते. मुद्दल मोडायचे नाही, हेही शिलालेखात नोंदले आहे. येथे दात्याने आपली इच्छा दगडावर कोरून ठेवली. घेणाऱ्याला ठरवण्यासारखे काही उरले नाही.

अनेक धर्मपरंपरांनी मात्र नाव झाकण्याला अधिक मान दिला. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक ठरते आणि फळावर डोळा ठेवून दिलेले राजस. कुराणात उघड दान चांगले, पण गुपचूप गरिबांना दिलेले अधिक चांगले, असे म्हटले आहे. बाराव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्रकार मायमोनिडीज याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत असे दान त्यात वरून दुसऱ्या पायरीवर आहे. त्याच्याही वर आहे ते गरिबाला स्वतःच्या पायावर उभे करणारे साहाय्य.

मायमोनिडीजची एक अट येथे महत्त्वाची ठरते. धर्मादाय निधीत पैसे टाकणे हे या दुसऱ्या पायरीजवळचे पुण्य. पण निधीचा कारभारी विश्वासू आणि जाणता आहे याची खात्री असेल, तरच. अशा कारभाऱ्याचा दाखला म्हणून तो रब्बी हनन्या बेन तेरादिओन यांचे नाव घेतो. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील कथेप्रमाणे पुरीम सणासाठीच्या पैशांची आणि धर्मादाय पैशांची एकदा त्यांच्या हातून अदलाबदल झाली, तेव्हा त्यांनी ते गरिबांना वाटून टाकले. तालमूदचा दंडकही असा, की धर्मादाय पैसा दोघांनी मिळून गोळा करावा आणि तिघांनी मिळून वाटावा. देणारा दृष्टीआड गेला, की घेणाऱ्यावरची नजर वाढवावी लागते.

उद्देश नसलेल्या दानाचा सर्वांत काटेकोर विचार जैन परंपरेत सापडतो. श्वेतांबर मूर्तिपूजक संघांत दानाची सात क्षेत्रे मानतात: जिनमूर्ती, जिनमंदिर, आगम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. मूर्ती आणि मंदिराचा पैसा म्हणजे देवद्रव्य. तो खालच्या क्षेत्रांकडे वळवणे दोष समजले जाते. मात्र ‘साधारण’ खात्यात आलेली रक्कम गरजेप्रमाणे सातांपैकी कोणत्याही क्षेत्राला लावता येते. म्हणजे उद्देश न बांधलेला पैसा येथे सर्वांत लवचीक ठरतो. पण ही लवचीकता कोणत्या खात्याला आहे, हे आधीच ठरलेले असते.

बौद्ध परंपरेतही असाच धागा आहे. महाप्रजापती गौतमीने स्वतः विणलेले वस्त्र बुद्धांना देऊ केले, तेव्हा ते संघाला देण्यास त्यांनी सुचवले. संघासाठी योजलेली वस्तू भिक्षूने स्वतःकडे वळवली, तर विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्षूंच्या नियमांप्रमाणे, तो दोष असून ती वस्तू त्याला सोडावी लागते.

मग निनावी पैशाचा मालक कोण? देवळाच्या पेटीतला पैसा देवाचा, हे उत्तर लोकांच्या तोंडी असते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरील भाष्यात शबरस्वामींनी ते तपासले आहे. मालक तो, जो वस्तूचा इच्छेप्रमाणे विनियोग करतो. देवता तसा करत नाही, म्हणून ‘देवाचे गाव’ हे बोलणे लाक्षणिक ठरते. देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या १९५६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही देवस्थानाचे खरे लाभार्थी भक्त असल्याचे मानले. यातून विश्वस्ताची जागा निश्चित होते. विनियोग त्याच्या हाती, पण मालकी त्याची नाही. दात्याने उद्देश सांगितला नाही म्हणून विश्वस्ताची मर्जी उद्देशाच्या जागी बसत नाही. त्या जागी संस्थेचा जाहीर हेतू येतो, कारण त्यावर विश्वास ठेवूनच पैसा दिला गेला.

शासनालाही उद्देशाची ही जागा घेता येत नाही. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल गांधी यांनी मुंबई राज्याविरुद्ध लढवलेल्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने एक मर्यादा घातली. मूळ उद्देश पार पाडणे शक्य असताना धार्मिक न्यासाचा पैसा दुसरीकडे वळवू देणारी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील तरतूद त्या निकालाने रद्द झाली.

करकायदा निनावीपणाकडे संशयाने पाहतो, कारण त्याआडून काळा पैसा येऊ शकतो. १९६१ च्या आयकर कायद्यात २००६ मध्ये घातलेल्या कलम ११५बीबीसीने निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लावला. एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी मोठ्या रकमेपर्यंत सूट ठेवली. केवळ धार्मिक न्यास यातून वगळले. धार्मिक आणि धर्मादाय अशा दुहेरी न्यासालाही सवलत मिळाली. मात्र त्याच्या शाळेसाठी किंवा रुग्णालयासाठी असे स्पष्ट सांगून दिलेल्या निनावी रकमेला नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाला मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असा दुहेरी न्यास मानले. या कलमातली निनावी देणगीची व्याख्या दात्याच्या मनावर नव्हे, घेणाऱ्याने नाव-पत्ता नोंदला की नाही यावर उभी होती.

धर्मविचाराला मात्र दात्याचे मन टाळता येत नाही. नाव जाणूनबुजून झाकणारा आणि बँकेचा संदर्भ अपुरा राहिल्याने निनावी झालेला, हे दोन दाते सारखे नव्हेत. पहिल्याचा शोध घेणे त्याच्या व्रताचा भंग करते. दुसऱ्याचा शोध न घेणे हा घेणाऱ्याचा निष्काळजीपणा होय. रक्कम चुकून आली असेल, तर तिला दानच म्हणता येत नाही, कारण देण्याचा संकल्प झालेला नसतो. ती परत करावी लागते. शोध संपेपर्यंत निनावी झालेली रक्कम वेगळी ठेवावी. दाता सापडला, तर उद्देश त्याला विचारावा. न सापडल्यास ती संस्थेच्या सर्वसाधारण कामाला लावावी, आणि हा निर्णय एकट्याने न घेता मिळून घ्यावा व लिहून ठेवावा. दात्याला गुप्त राहण्याचा अधिकार आहे. विश्वस्ताच्या हिशेबाला तो नाही.