तारीख वाचता येत नाही तुला?

पासपोर्टातला व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय म्हणून तू रजा टाकलीस. मुंबईची तिकिटं शोधलीस. बायकोला घाबरवलंस. आणि हे सगळं उरकल्यावर मला फोन करून विचारलंस, "सर, आता देश सोडावा लागणार ना?" क्रम बघ जरा. आधी धावपळ, मग घबराट, मग प्रश्न. आणि वाचणं? ते राहूनच गेलं.

मी एकच विचारलं, तुझ्या आय-९४ वर तारीख काय आहे? तू म्हणालास, "बघायला पाहिजे."

बघायला पाहिजे? आठ वर्षं झाली तुला अमेरिकेत. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली एका दिवसाची चूक शोधण्यासाठी तू रात्र रात्र जागतोस, त्याचाच तुला पगार मिळतो. आणि ज्या एका तारखेवर तुझं तिथलं राहणं, नोकरी, संसार सगळं उभं आहे, ती तुला ठाऊक नाही? तू मठ्ठ असतास तर मी शांतपणे समजावलं असतं. मी तुला चार वर्षं शिकवलंय. तू मठ्ठ नाहीस. म्हणूनच संताप होतो.

आता नीट ऐक. व्हिसा देतो तो वकिलातीतला अधिकारी, मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात बसून. तो परराष्ट्र खात्याचा माणूस. त्याच्या त्या चिकटपट्टीने तुला इतकंच मिळतं की अमेरिकेच्या दारापर्यंत जा आणि आत घ्या म्हण. आत घ्यायचं का, आणि घेतलं तर कुठवर राहू द्यायचं, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. तो वेगळ्या खात्याचा, होमलँड सिक्युरिटीचा. त्याने नोंदवलेली तारीख म्हणजे आय-९४. तिथे राहण्याची तुझी मुदत ती. व्हिसावरची तारीख नव्हे.

पूर्वी हा आय-९४ म्हणजे एक पांढरा कागद असायचा, पासपोर्टात टाचून द्यायचे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी तो कारभार ऑनलाइन गेला. हातात काही पडत नाही. आणि हातात पडत नाही ते तुम्ही बघत नाही. फोटो असलेला, रंगीत, चकचकीत व्हिसा सगळ्यांना दाखवता. त्या वेबसाइटवर जाऊन नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर टाकायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं? आठ वर्षांत तुला दोन मिनिटं मिळाली नाहीत?

तुझ्या बाबतीत काय झालंय ते सांगतो. गेल्या वर्षी कंपनीने तुझ्या एच-१बी ची मुदतवाढ मागितली. मंजूर झाली. आय-७९७ए आला. त्या कागदाच्या तळाशी नवी आय-९४ छापलेली असते, नव्या तारखेसकट. तू मंजुरीचा मथळा वाचलास, ग्रुपवर पेढ्यांची चित्रं टाकलीस आणि कागद कपाटात ठेवून दिलास. तळापर्यंत गेलासच नाहीस. त्यानंतर तू अमेरिकेबाहेर पाऊल टाकलेलं नाही. म्हणजे तुझी मुदत त्या तळाच्या तारखेपर्यंत आहे. व्हिसा पुढच्या महिन्यात संपो नाहीतर आज संध्याकाळी संपो. जागचा हलू नकोस. काम करत राहा.

व्हिसा तुला लागेल तो बाहेर जाऊन परत येताना. ती अडचण खरी आहे, पण ती पुढची. तू मात्र घाबरून आपणहून मुंबईत येऊन पडणार होतास. डिसेंबर २०२५ मध्ये भारतात आलेल्या कित्येक एच-१बी वाल्यांच्या मुलाखती अचानक महिनोन् महिने पुढे ढकलल्या गेल्या. इकडे हप्ते, तिकडे रिकामं घर, नोकरी टांगणीला. ते तुझ्याच ओळखीचे होते ना? तूच मला त्यांच्या गोष्टी सांगत होतास ना? मग स्वतःवर वेळ आली की डोकं कुठे गहाण ठेवतोस?

तीस दिवसांच्या आत कॅनडाला किंवा मेक्सिकोला जाऊन यायचं असेल, तर व्हिसा संपलेला असूनही चालू आय-९४ वर बहुतेकांना परत आत घेतात. फक्त तिकडे नव्या व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. हेही तुला ठाऊक नव्हतं. असो, तो मुद्दा किरकोळ आहे. तुझा खरा गुन्हा मोठा आहे.

तुझी बायको.

तुझ्या मुदतवाढीबरोबर तिचाही एच-४ चा अर्ज मंजूर झाला होता, म्हणून तू निर्धास्त. पण त्यानंतर ती आईच्या आजारपणात नाशिकला जाऊन आली. परत येताना तिचा पासपोर्ट संपत आला होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आय-९४ दिली ती पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंत. तुझ्या एच-१बी च्या तारखेपर्यंत नाही. असं सर्रास होतं. आणि देशात शिरताना नवी आय-९४ मिळाली की आधीच्या मंजुरीबरोबर आलेली तारीख मागे पडते. सगळ्यात शेवटची नोंद धरायची असते. तिने न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून पासपोर्ट नवा करून आणला आणि तुम्ही दोघांनी हात झटकले. पासपोर्ट नवा झाला म्हणून आय-९४ आपोआप लांबते, असं कुणी सांगितलं तुला? भारत सरकारने पुस्तिका बदलून दिली. अमेरिका सरकारने तारीख बदललेली नाही.

मी हट्ट धरला म्हणून तू परवा तिची नोंद उघडलीस. नव्या पासपोर्टचा नंबर टाकलास, काही सापडलं नाही, तर म्हणालास, "सर, सिस्टिममध्ये प्रॉब्लेम आहे." सिस्टिममध्ये? ज्या पासपोर्टवर ती आत आली त्याचा नंबर टाकायचा, एवढं सुचू नये? टाकलास तेव्हा तारीख दिसली. दीड महिना उरलाय.

म्हणजे जिथे घाबरायचं कारण नव्हतं तिथे तू तिकिटं काढायला धावलास, आणि जिथे झोप उडायला हवी होती तिथे महिनोन् महिने गाढ झोपलास. मी हट्ट धरला नसता तर?

सांगतो काय झालं असतं. ती तारीख ओलांडली की बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजायला सुरुवात. हा कायदा १९९६ चा आहे, काल झालेला नाही. १८० दिवसांच्या वर गेलं आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं, तर दहा वर्षं. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती, कळतंय का? आत असेपर्यंत बहुधा काहीच घडत नाही. कुणी दार वाजवत नाही, पत्र येत नाही, फोन येत नाही. मुलगी शाळेत जाते, शनिवारी मंडळाचा कार्यक्रम होतो, गणपती बसतात, उठतात. तू खुशाल म्हणतोस, सगळं सुरळीत चाललंय. मग पुढच्या वेळी आईला बघायला ती विमानात बसते आणि बाहेर पाऊल पडताक्षणी ती बंदी लागू होते. तू तिकडे, ती इकडे. तीन वर्षं. तुझ्या आळसाची शिक्षा ती भोगणार. चालेल तुला?

आणि १८० दिवस तर लांबच राहिले. त्या तारखेनंतर एकच दिवस जास्त राहिलं तरी ज्या व्हिसावर ती आत आली तो रद्द धरला जातो. मग नवा व्हिसा मायदेशातूनच घ्यायचा, आणि प्रत्येक फॉर्मवर त्या एका दिवसाचा जाब द्यायचा. मुदत उलटल्यावर केलेला अर्जही क्वचित स्वीकारतात, पण त्यासाठी कारण खरोखर असामान्य लागतं. तुझं कारण काय? ‘बघायचं राहिलं’?

आता तुझ्या सबबी. "हे एचआर बघतं ना, सर." एचआर तुझी नोकरी बघतं. तुझी बायको नाशिकला कधी गेली आणि कधी आली, हे एचआरला कोण सांगणार? "वकील आहेत कंपनीचे." कंपनीचे. तुझे नाहीत. त्यांच्या यादीत तुझ्या एच-१बी ची तारीख आहे. विमानतळावर तिला काय तारीख मिळाली, हे तू कळवलं नाहीस तर त्यांना स्वप्न पडणार आहे का? "ग्रुपवर विचारलं होतं, दोघातिघांनी काही होत नाही म्हटलं." ते दोघंतिघं इमिग्रेशन अधिकारी आहेत का? त्यांची शेवटची नोंद आणि तिची नोंद एक आहे का? स्वतःचा कागद न वाचता दुसऱ्याच्या अनुभवावर संसार टाकणाऱ्याला मी भोळा म्हणत नाही. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंय म्हणतो.

मी वकील नाही. निवृत्त मास्तर आहे, पुण्यात बसलोय. सरकारने उघड्यावर ठेवलेली पानं मी वाचली, तेवढ्यावर मला हे कळलं. तुला का कळू नये? इंग्रजी माझ्यापेक्षा तुझं चांगलं आहे.

आणि अर्धवट ज्ञानाने स्वतःची समजूत घालू नकोस. तू म्हणालास, "एकदा मुदतवाढीचा अर्ज केला की झालं." काय झालं? अर्ज मुदतीच्या आत पोचला तर. मग निर्णय येईपर्यंत आय-९४ ची तारीख उलटली तरी थांबता येतं, तेवढे दिवस बेकायदा धरत नाहीत. तुझ्या नोकरीचंही तसंच, त्याच कंपनीने वेळेत मुदतवाढ मागितली असेल तर तारखेनंतर २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. पण हे थांबणं आहे, मंजुरी नाही. नकार आला तर दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू. आणि तारीख उलटून एक दिवसाने टाकलेल्या अर्जाला यातलं काहीही लागू नाही. कंपनीला तुझा अर्ज सहा महिने आधी करता येतो. सहा महिने! तरी तुम्हाला शेवटचा आठवडाच लागतो.

तुझा तो मित्र, नोकरी गेलेला. तो काय म्हणाला होता? "माझा व्हिसा २०२७ पर्यंत आहे, निवांत शोधतो." कसला निवांत? नोकरी सुटल्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. २०१७ पासून हा नियम आहे. व्हिसावर काय छापलंय त्याला इथे काडीची किंमत नाही. तू त्याला हे सांगितलं नाहीस, कारण तुलाच माहीत नव्हतं. आज सांग.

आणि तुझे आई-बाबा. त्यांना उन्हाळ्यात नेलंस, चांगलं केलंस. पण बाबा मला काय म्हणाले माहितेय? "दहा वर्षांचा व्हिसा आहे, आता घाई नाही, दिवाळी करूनच येऊ." दहा वर्षं व्हिसाला आहेत, म्हणजे दहा वर्षं येऊन-जाऊन राहता येईल. एका खेपेला किती राहायचं ते त्यांच्या आय-९४ वर लिहिलेलं असतं. बहुधा सहा महिने. सातव्या महिन्यातली दिवाळी त्यांचा तो दहा वर्षांचा व्हिसा घालवून बसेल. दोन म्हातारी माणसं, आयुष्यभर रेशन कार्डापासून वीज बिलापर्यंत प्रत्येक कागद फाइलीत लावून ठेवणारी. तुझ्या भरवशावर तिकडे आली आणि तू त्यांना ही एक तारीख सांगितली नाहीस. लाज वाटायला हवी. तू शाळेत असताना तुझी फी एक दिवसही उशिरा भरली नाही त्यांनी.

म्हणून आता ‘बघतो सर’ नको. बघण्याचा काळ गेला. रजा मागे घे. तिकिटं काढू नकोस. बायकोचा मुदतवाढीचा अर्ज, आय-५३९, या आठवड्यात गेला पाहिजे. त्यासाठी स्वतःच्या खिशातून स्वतःचा वकील कर. तिची आय-९४, नवा-जुना पासपोर्ट, लग्नाचा दाखला, तुझा आय-७९७ए आणि पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं एकत्र ठेव. तोवर तिने देशाबाहेर जायचं नाही. आईची तब्येत पुन्हा बिघडली आणि जाणं भागच पडलं, तर आधी वकिलाला विचारायचं, मग तिकीट.

मुलीची आय-९४ बघितलीस का? तिचा पासपोर्ट लहान मुलाचा, पाच वर्षांचाच असतो. आईबरोबर तीही नाशिकला गेली होती.

नाही ना बघितलीस?

आत्ता बघ. मी फोन ठेवत नाही.