काटकसरीची मर्यादा

काटकसर हा सद्गुण आहे, याविषयीं आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत सहसा दुमत आढळत नाहीं. जुन्या लुगड्याची गोधडी, रिकाम्या डब्याची कुंडी आणि पाठकोऱ्या कागदांची वही ज्या घरांत होते, तें घर आपण नेटकें समजतों. आम्हीही याच संस्कारांत वाढलों. परंतु हा सद्गुण कोणत्या क्षणीं आपली जागा सोडून दुर्गुणांच्या पंक्तीस जाऊन बसतो, हें आम्हांस कोणत्याही नीतिशास्त्राच्या ग्रंथानें शिकविलें नाहीं. तें एका लांकडी फळीनें शिकविलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवून तिच्यावरून निघणारा विचार मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१९५४ सालीं सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा आणि १९६३ पासूनचा पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, यांनीं महाराष्ट्रांतील हौशी तरुणांस रंगभूमीचें जें वेड लावलें, तें आमच्या महाविद्यालयापर्यंतही पोंचलें होतें. नाट्यमंडळाची देखरेख कांहीं वर्षें आमच्याकडे होती. मंडळाची तिजोरी अशा मंडळांची असते तशीच, म्हणजे बहुतेक रिकामी. रंगमंचाचे दिवे व ते मंद-प्रखर करणारें यंत्र भाड्यानें आणावें, तर वर्षाची वर्गणी एका दिवसांत संपे. तेव्हां पदार्थविज्ञानाच्या एका विद्यार्थ्यानें तें यंत्र घरींच तयार केलें. दिवाणखान्याच्या भिंतीवर बसवितात तसलीं सहा बटणें त्यानें बाजारांतून आणलीं आणि एका फळीवर ओळीनें ठोकलीं. तेलाचे रिकामे डबे आंतून काळे रंगवून त्यांत हॅलोजनचे दिवे बसविले. एकंदर खर्च भाडोत्री सामानाच्या एका दिवसाच्या भाड्याहून कमी आला. आम्हीं त्याची पाठ थोपटली, आणि ही गोष्ट चार सहकाऱ्यांस अभिमानानें सांगितली.

या यंत्राचें मर्म मोठें मनोरंजक आहे. पूर्वीं पाश्चात्य रंगभूमीवर दिवा मंद करण्यासाठीं मिठाच्या पाण्याची बरणी वापरीत. पाण्यांतील दोन धातूच्या पत्र्यांपैकीं एक वर-खालीं केला, कीं प्रवाह कमी-अधिक होई. पुढें तारेच्या वेटोळ्यांचे अवरोधक आले. त्यांत दिवा मंद झाला, तरी अडविलेल्या विजेचा कांहीं भाग उष्णता होऊन वायांच जाई. हल्लींच्या बटणांत एक चिमुकला अर्धवाहक द्वारपाळाचें काम करतो. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची व सेकंदास ५० आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनाचे दोन अर्ध, म्हणून हें द्वार सेकंदास १०० वेळां उघडतें. तें उघडण्यास जितका विलंब, तितका दिवा मंद. दिव्याची तार मध्यंतरीं पुरती निवत नाहीं, म्हणून आपल्या दृष्टीस दिसतो तो संथ मावळणारा प्रकाश. संध्याकाळ, पहांट, मरणघटका, सारें त्या एका विलंबांतून निर्माण होतें.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यांत रंगीत तालीम चालली होती. नाटकांतील आईची भूमिका करणारी विद्यार्थिनी स्वयंपाकघराच्या प्रवेशांत अनवाणी होती. तोंडावर उजेड पडेना, म्हणून दिव्याचा डबा जरा वळवावा या हेतूनें तिनें त्यास हात लावला, आणि किंकाळी फोडून ती खालीं पडली. डब्यास कापलेल्या भोंकाच्या धारेनें तारेचें आवरण कुरतडलें गेलें होतें व सारा डबा विजेनें भारला होता. दैव बलवत्तर, म्हणून हातास झिणझिण्या आणि कोपरास खरचटणें यांवर निभावलें. फळी उघडून पाहतां असें दिसलें, कीं दिव्यांस नेलेली तार दोनपदरी होती. डबा जमिनीशीं जोडणारा तिसरा पदर, ज्याला आपण अर्थिंग म्हणतों, तो त्या मुलानें खर्च वांचविण्यासाठीं गाळला होता.

तो पांढराफटक पडला होता. म्हणाला, "सर, मीं स्वतः शंभर वेळां हात लावला होता. कधीं कांहीं झालें नाहीं."

तो खोटें बोलत नव्हता. तोपर्यंत तार कुरतडली गेली नसावी. शिवाय त्याच्या पायांत रबरी चपला असत. पण त्याच्या या प्रामाणिक उत्तरांतच आमच्या प्रश्नाचें बीज आहे. स्वतःचा जीव धोक्यांत घालणें हें धाडस. पण तें धाडस जमेस धरून दुसऱ्याचा जीव खर्ची घालतां येत नाहीं. त्याला तिसरा पदर नाहीं हें ठाऊक होतें. तिला ठाऊक नव्हतें. त्यानें धोका पत्करला होता. तिच्यावर तो लादला गेला होता. आणि येथें आमचाही अपराध कबूल केला पाहिजे. "खर्च किती आला?" हें आम्हीं त्यास तीनदां विचारलें होतें, तिसऱ्या पदराविषयीं एकदांही नाहीं. वडीलधाऱ्यांनीं ज्याची प्रशंसा करावी, तेंच तरुण अधिक करूं लागतात.

यावर कोणी म्हणेल, कीं अशी चिकित्सा करीत बसलें, तर गरिबानें नाटक करूंच नये काय? १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं 'सीता-स्वयंवर' केलें, तेव्हां विजेचें नांव नव्हतें. त्या काळच्या खेळांना उघड्या ज्योतींचाच आधार. तो काय निर्धोक होता? आक्षेप योग्य आहे; पण ज्योत आपला धोका लपवीत नाहीं. तिची आंच नटास लागते, प्रेक्षकासही दिसते. उलट, महाग तें सुरक्षित, असेंही नाहीं. शिकागोचें इरोक्वॉय नाट्यगृह नवें कोरें व थाटाचें होतें. आगीपासून पूर्ण सुरक्षित अशी त्याची जाहिरात होती. उघडल्यावर पांचच आठवड्यांनीं, ३० डिसेंबर १९०३ रोजीं, रंगमंचावरील एका विजेच्या दिव्याच्या ठिणगीनें पडदा पेटला आणि सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. याच्या उलट उदाहरण लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचें. ८ डिसेंबर १८८१ रोजीं व्हिएन्नाच्या रिंग नाट्यगृहांत गॅसच्या दिव्यांमुळें आग लागून शेकडो लोक दगावले होते. त्यानंतर वीसच दिवसांनीं सॅव्हॉयचा रंगमंच विजेनें उजळला, तेव्हां मालक डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आला, आणि मलमलींत गुंडाळलेला जळता दिवा सर्वांदेखत फोडून कापड पेटत नाहीं हें त्यानें दाखविलें. यांत थोडी जाहिरातबाजी असेलही. पण प्रेक्षकांस विश्वास ठेवा म्हणण्यापूर्वीं त्यांस कारण दाखविलें पाहिजे, हें त्यानें ओळखलें होतें.

म्हणजे दोष स्वस्ताईचा नाहीं, लपविण्याचा आहे. जी काटकसर सर्वांदेखत करतां येते, ती निर्मळ. तेलाचा डबा, ओबडधोबड फळी, ठिगळाचा पडदा यांत लाज कसली? पण जी काटकसर झांकल्यावांचून करतां येत नाहीं, तिच्याखालीं बहुधा दुसऱ्याचा जीव असतो. दुर्दैवानें आपला वर्ग नेमका उलट वागतो. दर्शनी भिंतीस उंची रंग देतों आणि भिंतीच्या पोटांतील तार सर्वांत स्वस्त घेतों. रंगारी कमरेस पट्टा न बांधतां तिसऱ्या मजल्यावर लोंबकळतो, आणि दर कमी पडला म्हणून आपण समाधान मानतों. हिशेबाच्या वहींत ती बचत आपल्या नांवावर जमा होते. तिची जोखीम मात्र त्याच्या नांवावर पडते.

भरताच्या नाट्यशास्त्रांत एक अर्थपूर्ण कथा आहे. पहिल्या प्रयोगांत विघ्नें आलीं, तेव्हां ब्रह्मदेवानें नाट्यगृह बांधविलें आणि त्याच्या भागांवर व पात्रांवर रक्षक देवता नेमल्या: नायकास इंद्र, नायिकेस सरस्वती, आणि विदूषकासही विसरला नाहीं, त्यास ओंकार. प्रयोगाच्या आधीं रक्षण, हा क्रम आमच्या पूर्वजांस कळला होता. आमच्या नायिकेची सरस्वती तीनपदरी तारेच्या रूपानें यावयास हवी होती. ती आम्हीं पैशांसाठीं बाहेर ठेवली.

फळी आम्हीं टाकली नाहीं. त्याच मुलानें ती पुन्हां बांधली. बटणें लोखंडी पेटींत गेलीं, पेटी व डबे जमिनीशीं जोडले गेले, डब्यांच्या भोंकांत रबरी कडीं बसलीं, प्रत्येक दिव्यास फ्यूज आला, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होतांच वीज तोडणारें उपकरण मुखाशीं बसलें. महाविद्यालयाच्या विजेच्या कारागिराकडून सर्व तपासून घेतलें. या खर्चासाठीं मखमली पडदा रद्द होऊन साधें काळें कापड आलें.

दुसऱ्या तालमीपूर्वीं ती विद्यार्थिनी म्हणाली, "पेटी उघडून दाखव." त्यानें उघडली. तिनें हिरव्या तारेवर बोट ठेवून ती कोठून कोठें जाते हें शेवटपर्यंत विचारून घेतलें, आणि मग अनवाणी रंगमंचावर गेली. स्पर्धेंत आम्हांस बक्षीस मिळालें नाहीं. परंतु तिनें विचारलेला तो प्रश्न आधीं आम्हीं विचारावयास हवा होता, ही खंत बक्षिसानेंही गेली नसती.