सोन्याची वीट

इझाबेल अलेंदे या चिलीच्या लेखिकेची 'द हाउस ऑफ द स्पिरिट्स' ही कादंबरी १९८२ साली आली आणि जगभरची विद्वान मंडळी थक्क झाली. तीत जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आपोआप चालते आणि घराण्याची हकीकत नात सांगत असताना मध्येच आजोबा तोंड घालतात. गिरगावकराने यात थक्क काय व्हायचे? चाळीत एका माणसाला घराण्याची हकीकत सलग सांगू देतील तर शपथ! आणि चमत्काराचे म्हणाल, तर मुंबईवर एकदा खरोखरच सोने पडले आहे.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' ही बोट पेटली. पोटात कापसाच्या गासड्या, सुमारे १४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. (चाळीत खोली देतानासुद्धा शेजाराची याहून जास्त चौकशी करतात.) दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी स्फोट झाला. एक वीट सुमारे मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली. भल्या माणसाने ती परत केली.

आमच्या घरी मात्र ती वीट आमच्याच गॅलरीत पडली होती. आजी सांगायची, तुळशीच्या कुंडीत. थोरले काका म्हणत, "छे, शेजारच्या चाळीत!" आत्याचे म्हणणे, "सोनं कसलं मेलं, लोखंडाचा तुकडा होता."

मी कॉलेजात गेलो, नकाशावर अंतरे मोजली आणि आजीची विकेट काढायला निघालो. आत्याने स्वयंपाकघरात अडवले.

"तुझा धाकटा काका गोदीत टॅली क्लार्क होता. त्या दिवशी गेला तो गेलाच. आई त्याचं नाव घेत नाही. फक्त विटेची गोष्ट निघाली की म्हणते, 'वीट पडली तेव्हा तो घरी नव्हता.' ती वीटच काढून घेतलीस, तर त्याच्याबद्दल बोलायला तिला जागा कुठली?"

सत्य सांगावे हे खरे. मार्केजने १९६७ च्या कादंबरीत १९२८ सालच्या केळीमजुरांवरच्या गोळीबारातले मृत तीन हजारांवर नेले आणि पुढे लोक तोच आकडा इतिहास म्हणून सांगू लागले. हे मला अजून पटत नाही. त्या दिवशी गोदीत अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. तिथे पासष्ट नको, सदुसष्टही नको. पण तुळशीच्या कुंडीने कोणाचे काय घोडे मारले आहे?

मी आजीला एवढेच विचारले, "कुंडी कुठल्या बाजूला होती गं?"

"रस्त्याच्या," आजी म्हणाली. "तिथूनच तो वळून हात करायचा."